हरभऱ्याच्या रानातली माती

माझ्या रानातली माती कुणीतरी नेत होतं, हे आधी माझ्या पायाला कळलं. दसरा होऊन गेला होता. सकाळी ओढ्याकडच्या तुकड्यातून चाललो होतो, तर एका जागी पाय वेगळाच पडला. खाली बघितलं. अंथरुणाएवढी जागा खरवडून काढलेली. खड्डा म्हणावा तसा खड्डा नव्हता. फळाची साल काढावी तशी वरची बोटभर माती गेली होती आणि खालची ओली काळी माती उघडी पडली होती.

माती चोरणारे मला ठाऊक नव्हते असं नाही. बांध कोरणारा शेजारी प्रत्येकाला असतो, मलाही होता, आणि त्याचं माझं दर पावसाळ्यात व्हायचं. पण तो बांधच कोरायचा. ही माती रानाच्या पोटातली गेली होती. त्यातही गेल्या साली जिथं हरभरा होता तेवढ्याच पट्टीतली. शेजारच्या ज्वारीच्या पट्टीला हात लावलेला नव्हता. म्हणजे नेणाऱ्याला काय न्यायचं ते पक्कं माहीत होतं.

मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो. पुढं गुरं राखली. पण दोन आणि दोन मला कळतात, आणि हे लिहिलेलं कुणी तपासून देतो म्हणालं तरी मी देत नाही. तर मी तिथंच उकिडवा बसून एकेकाला मनात उभं केलं. कुंभार नव्हे, त्याला तळ्याची चिकण माती लागते. सारवणाला नेणारी बाई नव्हे, त्यासाठी गावठाणात पांढरी माती पडलीय. मग उरले दोघं. एक सरकार, नाहीतर करणी करणारं कुणीतरी.

सरकारचा संशय खोटा नव्हता. आदल्या साली कालव्याच्या पाहणीला माणसं आली होती. साखळ्या, लाल झेंड्या, आणि कापडी पिशव्यांत भरून नेलेली माती. कशाला विचारलं तर "नमुना" म्हणाले, पुढं एक शब्द नाही. शिवाय आणीबाणी नुकतीच उठली होती. सरकारी गाडीचा धुरळा दिसला की नसबंदीला धरून नेतील म्हणून बापय माणसं ज्वारीत शिरून बसायची, ते दिवस अजून कुणी विसरलं नव्हतं.

करणीचं म्हणाल तर आमच्या घरात एक रीत होती. एका रानातली माती दुसऱ्या रानात जाऊ द्यायची नाही. नांगर असो, कुळव असो, बांधावर थांबून फाळ खरवडायचा, बैलाचे खूर पुसायचे, मगच पुढं. रानाची बरकत मातीला चिकटून जाते असं वडील सांगायचे. मी ती रीत कधी मोडली नाही. आणि इथं कुणीतरी पाट्याच्या पाट्या नेत होतं.

बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"उंदरानं उकरलं असंल."

"उंदीर अंथरुणाएवढं उकरतो व्हय?"

"मग डुक्कर."

"डुक्कर खोरं घिऊन येतंय? खोऱ्याची धार उमटलीय तितं."

"तुमास्नी तर रोजच कुणाचा ना कुणाचा वास येतोय," ती म्हणाली आणि भाकरी उलटली. "परवा म्हणत हुता, धार कमी का, तर म्हशीला कुणीतरी दृष्ट लावली. म्हैस गाभण निघाली."

म्हशीची गोष्ट वेगळी होती.

धाकट्या भावावर माझा संशय गेला नव्हता. त्याला कारण होतं. वाटणी झाली तेव्हा ओढ्याकडचं काळं रान मला आलं, वरचं माळाकडचं त्याला. बैल दोनच होते, ते एकेक आले. आता एका बैलानं कुणी पेरत नाही. म्हणून वाटणी होऊनही आम्ही पेरणीपुरते एकत्र यायचो. दोन्ही बैल एका जुवाला, आधी माझं रान, मग त्याचं. त्या साली पाऊस लवकर उघडला होता. ओल खाली सरकत होती. चार-आठ दिवसांत हरभरा पडला नसता तर दोघांचंही रान मोकळंच राहणार होतं. असल्या वेळी जुवाचा जोडीदार आपली माती नेईल, असं कोण धरून चालेल?

मी दुधनीच्या बाजाराच्या दिवसाची वाट बघितली. बाजारादिवशी शिवार मोकळं पडतं, चोराला तेच हवं असतं. सकाळी चारचौघांत मोठ्यानं बोलून, खांद्यावर रिकामं पोतं टाकून निघालो. वेशीपुढं गेल्यावर ओढ्यात उतरलो आणि काठाकाठानं माझ्या रानाशी येऊन करंजाच्या झाडाआड बसलो.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा दोघं आली. पुढं बाई, डोक्यावर रिकामी पाटी. मागं खांद्यावर खोरं टाकलेला माणूस. तोंड दिसायच्या आधी चाल ओळखली. ती आमच्या वडिलांची चाल होती. धाकटा होता.

मी लगेच ओरडलो नाही. पाटी भरू दिली. भरल्या पाटीनिशी माणूस सापडला की त्याला बोलायला जागा उरत नाही. त्यानं पाटी उचलून बायकोच्या डोक्यावर ठेवली, तसा मी पुढं झालो.

"ठेव खाली."

भावजय जागच्या जागी थिजली. धाकटा म्हणाला, "आण्णा, तू बाजारला गेल्तास न्हवं?"

"गेल्तो. माझ्या रानाचाच बाजार मांडलाय म्हणून कळलं, आलो परत."

"बरी मण्णू री, भावजी," भावजय पुटपुटली. ती दुधनीकडची, घाबरली की कानडीत जायची. नुसती माती हाय की, असं म्हणत होती.

"नुसती हाय तर तुमच्या रानात न्हाय का माती?"

"हाय," धाकटा म्हणाला. "पर तिच्यात जंतू न्हाईत."

मला वाटलं, ह्याला ऊन लागलं.

"काय न्हाईत?"

"जंतू. हरभऱ्याचे. तुझ्या मातीत हायत."

"माझ्या रानात किडे पडलेत म्हणतोस व्हय रं?"

"किडे न्हवं आण्णा. चांगले जंतू. हरभरा उपटला की मुळीला गाठी दिसतात न्हवं? त्या गाठीत ऱ्हातात. माझ्या हरभऱ्याला गाठच धरत न्हाई. म्हणून पिवळा पडतोय."

त्याचा हरभरा पिवळा पडायचा हे खरं. त्याच्या रानात वडिलांनी बाजरी आणि हुलगा सोडून काही घेतलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर तिथं ताली, म्हणजे उतारावर आडवे बांध पडले, ओल धरायला लागली, म्हणून त्यानं हरभऱ्याचा हट्ट धरला होता. झाड वीतभर व्हायचं आणि कावीळ झाल्यागत उभं राहायचं. आदल्या साली तर त्यानं सोलापुरातून एक पाकीट आणलं होतं. आत काळी भुकटी. गुळाच्या पाण्यात कालवून बियाला चोळायची म्हणे. कोळसा कुटून सरकार आता तोही विकायला लागलं, असं मी म्हणालो होतो. ती चोळूनही हरभरा पिवळाच आला, तेव्हा मी नुसता हसलो होतो.

"ते पाकीट वाया गेलं ते माझ्यामुळं," धाकटा सांगत होता. "बियाणं चुलीवरच्या फळीवर ठेवतो न्हवं आपण, धुरात कीड लागू नये म्हणून? हिनं पाकीट बी तितंच ठेवलं. जपून. शेतीवाले साहेब म्हणाले, जंतू भाजून मेले. अवंदा पाकीट मिळंना. तर ते म्हणाले, ज्याच्या रानात हरभऱ्याला गाठी धरतात त्याची माती आणून पसर."

"मग मागायची."

"मागितली असती तर दिली असतीस?"

"न्हाई."

"मग?"

"न्हाई म्हणायचा हक्क माझा हुता. तू तोच चोरलास."

एवढं बोलून मी तडक त्याच्या गोठ्यात गेलो. पेरणीसाठी दोन्ही बैल तिथं बांधले होते. माझा सोडला आणि घरी आणला. त्याचा बैल मागं मान वळवून बघत राहिला. मी मागं बघितलं नाही.

जंतूंची गोष्ट मला पटली नव्हती. पटली असती तरी काय? जंतू असतीलच तर ते माझ्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले होते. माझ्या आज्यानं हरभरा पेरला त्यावर ते वाढले. ते पाटीत बसून माळावर गेले तर माझ्याकडं कमी होणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल. आणि जंतू नसतीलच, तर मग माती करणीला चालली होती. दोन्हीकडून नुकसान माझंच.

दुसऱ्या दिवशी मी जोडीला बैल शोधत हिंडलो. पेरणीच्या घाईत कोण देतो? शेवटी तेल्याचा बैल मिळाला. घाणा बंद पडल्यापासून तो बसून होता. माझ्या बैलाशेजारी जुवाला जुंपला. दहा पावलं नीट गेला आणि मग डावीकडं वळायला लागला. सारा जन्म घाण्याभोवती फिरण्यात गेला होता त्याचा. सरळ तास त्याला मान्यच नव्हतं. मी ओढतोय, माझा बैल ओढतोय, आणि तो आपला गोल फिरतोय. वाटेनं जाणारे थांबले.

"आण्णा, रानात तेल काढायला लागलास काय?"

"करडई पेरलीय काय रं आण्णानं? घाणा बी रानातच?"

मी बैल सोडला आणि तेल्याला परत नेऊन दिला. तेल्यानं हसू दाबलेलं मला दिसलं.

मग रोज सकाळी रानात जाऊन हात मातीत घालायचा आणि मूठ दाबायची, एवढंच काम उरलं. मूठ उघडल्यावर ढेकूळ टिकलं तर ओल आहे. पहिल्या दिवशी ढेकूळ टिकलं. पुढच्या दिवशी त्याला तडे गेले. वरच्या अंगाला धाकटाही तसाच वाकून मूठ दाबताना दिसायचा. मी बघतोय हे कळलं की तो पाठ करायचा. मी तर आधीपासूनच पाठ करून असायचो.

बायको म्हणाली, "दोघं मुठी दाबत बसा. पेरा मुठीतच."

धाकट्यानं मग शेतीखात्याच्या माणसाला आणलं. तरुण होता, सायकलवर आला, चष्मा, पायात बूट. मला तेव्हाच कळलं की ह्याला शिकवून आणलाय. बांधाशी आल्या आल्या त्यानं माझ्या बांधावरची तूर उपटली.

"विचारून उपटा," मी म्हणालो.

तो वरमला. "चुकलं मालक. दाखवायला हवी होती." मुळीला जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या. एक त्यानं नखानं चिरली. आत तांबूस, कापलेल्या बोटागत. मला ते बरं वाटलं नाही. झाडाच्या पोटात रक्तासारखं काही असावं, हे कसलं लक्षण?

"ह्या गाठीत जंतू आहेत," तो म्हणाला. "हवेतलं खत धरून ते झाडाला देतात. झाड त्यांना बदल्यात साखर देतं."

"हवेत खत असतं?"

"असतं. दिसत नाही."

"तुमच्या खात्याचं सगळंच न दिसणारं."

धाकटा हसला. मी त्याच्याकडं बघितलं, तसं त्यानं तोंड फिरवलं.

"बरं," मी म्हणालो, "तूर त्याच्या बी रानात हाय. तिला गाठी हायत. मग त्या गाठीतले जंतू हरभऱ्याला लावा. माझ्या मातीला कशाला हात लावता?"

ह्यावर तो अडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "चांगलं विचारलंत. पण तुरीचा जंतू हरभऱ्याला चालत नाही. बियाण्यात जसा वाण असतो ना, तसा जंतूतही असतो. त्याच्या अंगातला गुण पिढीतनं पिढीत उतरतो. जनुक म्हणतात त्याला. कुठल्या मुळीशी जुळायचं, आत शिरून गाठ कशी करायची, हे त्या गुणांत असतं. हरभऱ्याचा जंतू हरभऱ्याचंच मूळ ओळखतो."

"कसा ओळखतो? डोळे हायत?"

"ते अजून पुरतं कळलेलं नाही. कोणत्या जनुकानं ओळख पटते, कोणत्यानं खत होतं, ह्याचा मोठ्या प्रयोगशाळांत शोध चाललाय."

"म्हणजे तुमाला म्हाईत न्हाई."

"नाही."

"ज्याला म्हाईत न्हाई त्यानं माझी माती वाटायला सांगितली."

तो सायकलीची घंटी उगीच चोळत उभा राहिला. धाकटा पुढं झाला. "आण्णा, तुझे कमी न्हाई हुणार. ते वाढतात. विरजण दिलं म्हणून शेजारणीचं दही कमी हुतं का?"

"विरजण मागून न्हेतात. मालकीण बाजारला गेलेली बघून गाडगं उचलत न्हाईत."

"मग आता मागतो. दे."

परक्या माणसासमोर मागितलं. मला ते अपेक्षित नव्हतं. नाही म्हणायचा हक्क माझ्या हातात परत आला होता, आणि समोर त्याचं तोंड वाळलेलं दिसत होतं. माझंही तसंच दिसत असणार. सकाळी ढेकूळ मुठीतच फुटलं होतं.

"देतो," मी म्हणालो. "पर जितकी न्हेशील तितकी तुझ्या रानातली भरून द्यायची. न्हेलेली बी धरून. माझं रान तसूभर खाली गेलेलं मला चालायचं न्हाई."

"माझी? मुरमाड? तुझ्या काळ्या रानात?"

"व्हय."

चष्मेवाला मध्ये पडला. "मालक, त्यानं काही होणार नाही हो."

"हुणार न्हाई तर तुमाला हरकत कशाची?"

त्यानं जाताना एवढंच सांगितलं की नेलेली माती उन्हात ठेवू नका, ऊन कलल्यावर पसरा आणि लगेच खोऱ्यानं खालवर करून झाका, नाहीतर जंतू मरतात. दिवस मावळताना करायचं आणि लगेच झाकायचं. हेही मी लक्षात ठेवलं. कुणाला संशय येणार नाही ह्यात?

त्या दिवशी धाकटा आणि भावजय काळी माती वर नेत होते आणि मुरमाड माती खाली आणत होते. पाटी वर जाताना भरलेली, खाली येतानाही भरलेली. मी बांधावर बसून होतो. वरच्या पाटीपेक्षा खालची पाटी हलकी भरली तर परत पाठवत होतो.

"भावजी, ह्यात दगडं बी हायत. ती धरायची का सोडायची?" भावजयीनं विचारलं. आता ती मराठीत बोलत होती, म्हणजे भीती गेली होती.

"दगडं धरायची न्हाईत."

"मग येचून देता काय?" म्हणत तिनं पाटी माझ्या पायाशी ओतली. मी दगड वेचले. दुसरं कोण वेचणार होतं?

त्याच्या रानाच्या वरच्या टोकाला माती पुरली नाही. आणखी मागत होता. मी म्हणालो, बास. तो हुज्जत न घालता थांबला, कारण पेरणी माझ्या हातात होती.

सकाळी बैल एका जुवाला आले. माझा उजवीकडं, त्याचा डावीकडं. कुणी काही न सांगता ते चालायला लागले. धाकटा पेरायची पाभर धरायचा, माझी बायको तिच्या चाड्यावर बियाची मूठ सोडायची. आधी माझं रान झालं. त्याच्या रानात गेलो तेव्हा वरची माती भुसभुशीत कोरडी झाली होती. असं उथळ पेरलं तर बी उगवणार नाही, हे दिसत होतं. त्याला घाई होती, मला नव्हती. मी पाभरीवर धोंडा बांधायला लावला आणि स्वतः पाभरीला हात घातला. दाते खोल गेले तेव्हा कुठं ओल लागली. बैल थकले, आम्हीही. तास सरळ गेले.

पेरणी झाल्यावर आम्ही बोलत होतो असं नाही. पाण्यावर भेटलो तर "झालं का", "झालं" एवढंच. माझा संशय संपला नव्हता. रोज मुरमाड माती टाकलेली जागा बघत होतो. तिथला हरभरा मागं पडेल, मग मी धाकट्याला हाताला धरून आणीन आणि दाखवीन, असं ठरवलं होतं. तिथला हरभरा मागं पडला नाही. पुढंही गेला नाही. आजूबाजूसारखाच राहिला.

थंडी पडली आणि फूल धरलं तेव्हा वरच्या रानाकडं बघून मी बराच वेळ उभा राहिलो. त्याच्या रानाच्या खालच्या अंगाचा हरभरा काळपट हिरवा होता. वरच्या टोकाला, जिथं माती पुरली नव्हती, तिथं नेहमीसारखा पिवळा. मधली रेघ इथनं दिसत होती. मला पहिला संशय आला तो युरियाचा. लपवून टाकला असणार. टाकून मला जंतू म्हणून सांगणार. पण नुसत्या युरियानं हिरवा झाला असेल तर मुळीला गाठी असायच्या नाहीत, एवढं त्या चष्मेवाल्याच्या बोलण्यातून मी काढलं होतं. म्हणजे मूळ बघितल्याशिवाय कळणार नव्हतं.

त्याच्या रानात शिरून झाड उपटायला मला कुणी अडवलं नसतं. ते दोघं बाजारलाही जात होते. पण मी त्यातला नव्हे. मी त्याच्या बांधावर जाऊन उभा राहिलो. तो खुरपत होता. मला बघून उठला नाही.

"एक झाड उपटू का?" मी विचारलं.

"कशाला?"

"बघायचंय."

"काय बघायचंय?"

त्यानं मला तसंच उभं ठेवलं, एक पूर्ण ओळ खुरपून घेतली. मग म्हणाला, "उपट की. पर बदली एक झाड दे. माझं रान बी खाली जायला नगं."

भावजय पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी रागावून जाणार होतो. पाऊलही उचललं होतं. पण मूळ बघायचं होतं. खाली जाऊन माझ्या रानातलं एक झाड उपटून आणलं आणि त्याच्या हातात दिलं. मग त्याचं उपटलं.

बांधावर बसून दोन्ही मुळ्यांची माती आम्ही झाडली. त्याच्या झाडाला गाठी होत्या. युरिया नव्हता. एक गाठ त्यानं नखानं चिरली, एक मी. दोन्ही आत तांबूस.

"तुझेच हायत," तो म्हणाला.

"माझे हायतच," मी म्हणालो.

पुढच्या साली बैल सोडायची वेळ आली नाही. पेरणी आधी माझी की आधी त्याची, ह्यावर मात्र भांडण झालं, कारण तोवर त्याचा हरभरा चांगला यायला लागला होता आणि त्याला घाई जास्त होती. त्या दिवशी बांधावर त्याच्या मुळीला गाठी जास्त होत्या, असं तो अजूनही चारचौघांत सांगतो. तसं नव्हतं. जास्त माझ्याच होत्या.